आमची वाटचाल: खुर्चीच्या दुरुस्तीपासून टेबलाच्या मापापर्यंत

आमचं मूळ काम खुर्च्या दुरुस्तीचं. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा आणि वाळूज वसाहतींतली ऑफिसं, जालन्यातल्या बियाणे कंपन्या, स्टील कारखान्यांचे हिशेब विभाग, पतसंस्था, सीएंची कार्यालयं. इथल्या हायड्रॉलिक खुर्च्या खचल्या की आमच्याकडे येत. खुर्चीला हायड्रॉलिक म्हणतात सगळे, पण ती तेलाच्या दाबावर नाही, आतल्या दाबलेल्या वायूवर चालते. सील झिजलं की वायू सुटतो आणि खुर्ची बसल्या बसल्या खाली जाते. तो वायू पुन्हा भरायचा नसतो, सिलिंडरच बदलायचा. दुरुस्ती आजही चालू आहे. मात्र मुख्य काम आता कामाची जागा मोजण्याचं आहे: माणूस, खुर्ची, टेबल आणि स्क्रीन यांची मापं घेऊन शरीरावर ताण कुठे येतो ते काढायचं आणि तो कमी करायचा.

हे वळण आलं ते दुरुस्तीत वारंवार दिसणाऱ्या एका गोष्टीमुळे. सिलिंडर ठणठणीत, पाठही नीट, तरी खुर्ची बदलून मागितलेली. खांदे भरून येतात, मान आखडते, म्हणून खुर्ची वाईट. नवी खुर्ची दिली तरी महिनाभरात तीच तक्रार. तक्रार खुर्चीची होती, दोष टेबलाचा.

हिशेब सोपा आहे. आपल्याकडे सुतार टेबल करतो ते ३० इंचाचं, म्हणजे साधारण ७५ सेंमी. त्यावर कीबोर्डची जाडी दोन-अडीच सेंमी. बोटं सत्त्याहत्तरला. आता पाच फूट एक इंच उंचीची बाई घ्या. गुडघ्यामागच्या खळीपासून जमिनीपर्यंत तिचं माप ३९ सेंमीच्या आसपास, आणि बैठकीपासून कोपरापर्यंत २१. पाय जमिनीला टेकवून बसली तर कोपर साठाला येतं. कीबोर्ड त्याहून १७ सेंमी वर. मग खांदे उचलून टायपिंग करायचं किंवा खुर्ची वर घेऊन पाय लोंबकळत ठेवायचे, दोनच वाटा. पाय लोंबकळले की मांडीखालची कड रुतते, मग माणूस पुढे सरकतो, पाठ खुर्चीला टेकतच नाही. खुर्चीवर मांडी घालून बसलेलं कुणी दिसलं की त्याला आळशी समजू नये. त्याचे पाय पोचत नाहीत, इतकंच.

अशा वेळी महागड्या खुर्चीच्या आधी दोन गोष्टी लागतात. एक, कीबोर्डचा सरकता ट्रे, ज्याचा वरचा भाग साधारण ६५ सेंमीवर येईल. माऊसही त्याच ट्रेवर मावला पाहिजे, म्हणून रुंदी किमान ६५ सेंमी. ५० सेंमीचे तयार ट्रे मिळतात, त्यात माऊस वर टेबलावरच राहतो आणि दुखणं उजव्या खांद्यात जाऊन बसतं. दुसरी गोष्ट म्हणजे ट्रेच्या मानाने खुर्ची वर घेतली की पायाखाली पाट. घरातला जेवणाचा पाट असतो तसाच, फक्त थोडा उताराचा. आम्ही तो १८ मिमी प्लायचा करतो, ४५ बाय ३० सेंमी, खाली रबराच्या पट्ट्या, उंची ५, ८ आणि ११ सेंमी अशा तिन्हीत. पहिल्या पाटांना हात घालायला खाच नव्हती. फरशी पुसताना ते उचलून कोपऱ्यात ठेवले जात आणि तिथेच राहत. खाच दिल्यापासून ते जागेवर परत येतात.

ट्रे बसवण्याआधी टेबलाखाली वाकून बघावं लागतं. मधला ड्रॉवर असेल तर ट्रे बसत नाही, आणि खुर्ची वर घेतली तर मांड्या ड्रॉवरला लागतात. बैठकीपासून वरच्या फळीपर्यंत १७-१८ सेंमी मोकळी जागा हवी. ड्रॉवर काढून बाजूला चाकांचा कप्पा दिला की प्रश्न मिटतो, पण मालकाला ड्रॉवरची चावी प्रिय असते. इन्व्हर्टरची बॅटरी, सीपीयू आणि मागच्या पाच वर्षांचे गठ्ठे टेबलाखालीच असतात. ते हलवल्याशिवाय आम्ही कोणतंही माप लिहीत नाही, कारण पाय सरळ जात नसतील तर माणूस कमरेत वळूनच बसणार.

मोजण्याची पद्धत बसायला वेळ लागला. सुरुवातीला आम्ही उभ्या माणसाची उंची विचारून गणित करत होतो. ते चुकतं. एकाच उंचीच्या दोघांच्या पायांत तीन-चार सेंमीचा फरक सहज निघतो. शिवाय बऱ्याच ऑफिसांत चपला दाराशी काढतात. बूट घालून घेतलेलं माप अनवाणी बसणाऱ्याला दोन-तीन सेंमीने फसवतं. म्हणून माप बसलेल्या स्थितीत, रोज बसतात तसं, खुर्चीवरची उशी किंवा टॉवेल न काढता.

त्याआधी कागद. माणसाच्या आकृतीवर दुखणाऱ्या जागी खूण करायची, नाव लिहायचं नाही, फक्त टेबल क्रमांक. साहेबांसमोर विचारलं तर सगळे "काही त्रास नाही" म्हणतात. मग अर्धा तास लांबून बघणं. पहिली दहा मिनिटं सगळे ताठ बसतात, ती मोजायची नाहीत. नंतर बाजूने फोटो, परवानगी घेऊन, कॅमेरा कोपराच्या उंचीवर आणि शरीराला काटकोनात. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत मान असते त्याहून जास्त वाकलेली दिसते.

गुण देण्यासाठी आम्ही रोसा वापरतो. २०१२ साली कॅनडातल्या संशोधकांनी ऑफिसच्या कामासाठीच मांडलेली ही पद्धत. खुर्ची, स्क्रीन, फोन, माऊस, कीबोर्ड यांचे तक्ते, सलग किती वेळ बसतो याचा अधिक-उणे गुण, शेवटी १ ते १० असा आकडा. पाचावर गेला की काम हाती घ्यायचं. १९९३ची रुला पद्धत जुनी आणि चांगली, पण ती एका क्षणाची बैठक मोजते, ऑफिसात आम्हाला ती अपुरी पडते. तरी आकडा हे फक्त टेबलांची रांग लावण्याचं साधन आहे. बदल काय करायचा ते टेपच सांगतो.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते टॅली, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, काम करणाऱ्यांच्या टेबलांनी. आकड्यांचे बटन कीबोर्डच्या उजव्या टोकाला, त्याच्याही उजवीकडे माऊस. हात दिवसभर शरीरापासून लांब, खांदा बाहेर वळलेला. वर व्हाउचरचा गठ्ठा डावीकडे सपाट पडलेला, म्हणजे मान खाली आणि आडवी, एकाच वेळी. स्क्रीनची उंची बदलून इथे काही होत नाही. उपाय असा: व्हाउचर स्क्रीन आणि कीबोर्डच्या मधोमध, साधारण ६० अंशांत उभ्या केलेल्या ॲक्रिलिकच्या फळीवर. माऊस डाव्या हाताला. पहिले आठ-दहा दिवस सगळे वैतागतात, म्हणून महिनाअखेर किंवा जीएसटीच्या तारखांजवळ हा बदल करायचा नाही. ज्याला डावा हात जमतच नाही त्याला आकड्यांशिवायचा छोटा कीबोर्ड आणि वेगळा आकड्यांचा पॅड.

स्क्रीनचं काम त्या मानाने थोडं. हात पुढे केला की बोटं टेकतील इतकं अंतर, वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली. बायफोकल चष्मा असेल तर आणखी पाच-सात सेंमी खाली, नाहीतर माणूस हनुवटी उचलून वाचतो. लॅपटॉप उंच केला तर वेगळा कीबोर्ड हवाच. लॅपटॉपखाली फायली ठेवून त्याच्याच बटनांवर टायपिंग करणं म्हणजे मान वाचवून खांदे घालवणं.

उजेड तपासायला स्क्रीन बंद करा आणि काळ्या काचेत काय दिसतं ते बघा. खिडकी किंवा ट्यूब दिसली तर टेबल काटकोनात फिरवा. आपल्याकडे पश्चिमेची खिडकी दुपारी तीननंतर त्रास देते, म्हणून सकाळीच पाहणी उरकून अहवाल देणं चूक. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीपार असताना आणखी दोन गोष्टी निघतात. रेक्झिनच्या खुर्चीत पाठ भिजते म्हणून माणूस पुढे वाकून बसतो, कितीही कमरेचा आधार दिला तरी. तिथे जाळीची पाठ लावायची. आणि कूलरचा झोत तोंडावर असेल तर डोळे कोरडे पडतात, चष्म्याचा नंबर वाढला असं वाटतं. झोत वळवायचा, चष्मा नंतर.

दुरुस्तीचा अनुभव इथे कामी येतो. गुळगुळीत फरशीवर कडक नायलॉनची चाकं खुर्ची मागे पळवतात, माणूस पाय रोवून बसतो आणि पोटऱ्या दुखतात. मऊ चाकं घाला. हातांचा दांडा टेबलाच्या कडेला अडत असेल तर तो खाली करा किंवा सरळ काढून टाका. न बदलता येणारा दांडा नसलेला बरा.

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येत असेल किंवा पकड ढिली पडली असेल तर आम्ही फर्निचरला हात लावायच्या आधी डॉक्टरकडे पाठवतो. ते आमचं काम नाही.

तीन आठवड्यांनी परत फेरी. पहिल्या आठवड्यात नव्या बैठकीने वेगळ्याच जागा दुखू शकतात, हे आधी सांगून ठेवलं नाही तर दुसऱ्या दिवशीच पाट भिंतीला लागतात. परतफेरीत हमखास सापडणारी गडबड म्हणजे खुर्च्यांची अदलाबदल. आता खुर्चीच्या पाठीला आणि टेबलाला एकाच रंगाची चिकटपट्टी लावतो, सिलिंडरच्या नळीवर उंचीची खूणही करतो. दोन पाळ्यांत एकच खुर्ची असेल तर दोन रंगांच्या दोन खुणा.

सध्या माप घेणं चालू आहे ते मोंढ्यातल्या गादीवर. अडतीच्या दुकानांत मुनीमजी मांडी घालून बसतात, पुढच्या उतरत्या डेस्कवर पूर्वी खतावणी होती, आता लॅपटॉप आहे. रोसाच्या तक्त्यात ही बैठकच नाही. कुल्ल्यांखाली आठ-दहा सेंमीची घट्ट गादी दिली की कंबर सरळ राहते, एवढं जमलं आहे. डेस्कचा उतार काढून माथा सपाट केला, पण मांडीचे गुडघे आत जायला डेस्क जितकं वर हवं, तितकं कोपराला ते उंच होतं. दोन्हींत चार सेंमीचा फरक राहतोय.