पोथीतल्या खुणा आणि रजेचे अर्ज

"अत्यंत कष्टाळू, कुटुंबवत्सल, श्रद्धाळू आणि मनमिळाऊ." वडिलांच्या वर्षश्राद्धाला जी छोटी स्मरणपुस्तिका निघते, तिच्या पहिल्या पानावर बहुधा हेच चार शब्द असतात. चारही खरे असतात, पण त्यांतून बाबा दिसत नाहीत. नातवंडांना आजोबा कळावेत असं मनापासून वाटत असेल, तर विशेषणं बाजूला ठेवून वेळा, वस्तू आणि आकडे गोळा करावे लागतात. बडोद्याच्या मराठी घरात ते कुठे सापडतात आणि कुठे चूक होते, ते इथे लिहितो आहोत.

डोळ्यांसमोर आहे ती एक पिढी. १९६२ ला स्थापन झालेली गुजरात स्टेट फर्टिलायझर्स कंपनी (बोलण्यात नुसती "फर्टिलायझर"), १९६५ ला सुरू झालेली कोयलीची रिफायनरी, त्याही आधीचं प्रतापनगरचं रेल्वे वर्कशॉप. अशा ठिकाणी विशीत चिकटलेली माणसं आता ऐंशीच्या पुढची, एकेक करून जाणारी. तीस-पस्तीस वर्षं पाळ्या केल्या, बहिणींची लग्नं आणि मुलांची शिक्षणं उरकली, आणि घरच्या देवांना एक दिवस बिनआंघोळीचं ठेवलं नाही.

पुस्तिकेत नोकरी, कुटुंब, अध्यात्म असे तीन भाग पाडतात, आणि घोळ इथेच सुरू होतो. रात्रपाळी पहाटे सहाला सुटायची. सातच्या सुमारास कंपनीची बस नाक्यावर सोडायची. मग आंघोळ, सोवळं नेसून पूजा, मुलांना शाळेत पोचवणं आणि त्यानंतर झोप. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात पूजा सावकाश व्हायची, पण रात्री घरी येईपर्यंत मुलं झोपलेली असायची. तिन्ही गोष्टी एकाच घड्याळावर चालत होत्या. म्हणून आधी एक मोठा कागद घ्या आणि तीन रकाने आखा: पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. प्रत्येकात पहाटे चारपासून रात्री बारापर्यंत बाबा कुठे असत ते भरा. ते कामावर असताना नैवेद्य कोण दाखवायचं, डबा किती वाजता तयार लागायचा, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी यायची, सगळं. पुस्तिकेचा कणा हाच कागद. तो भरला नाही तर पुढचं लिखाण पुन्हा "मनमिळाऊ"पाशी येऊन थांबतं.

आता पोथी. बडोद्यात दत्तभक्ती घराघरांत आहे. गरुडेश्वरला दत्तभक्त संत टेंबे स्वामींची १९१४ सालची समाधी, नारेश्वरला त्याच परंपरेतले रंग अवधूत महाराज. त्यामुळे लाल फडक्यात गुंडाळलेलं गुरुचरित्र बहुतेक घरांत निघतंच. ते हातात घेण्याआधी हात धुऊन कोरडे करा आणि फडक्यासकट सतरंजीवर उघडा, कारण आत काय काय ठेवलंय ते सांगता येत नाही. पानांतलं काहीही काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या. एकदा दोरा किंवा चिठ्ठी हलली की ती कोणत्या पानावर होती हे कायमचं गेलं.

सप्ताह म्हणजे सात दिवसांत अख्ख्या पोथीचं पारायण. तो करणाऱ्याच्या पोथीत मुक्कामाच्या, म्हणजे त्या दिवसाचं वाचन थांबतं तिथल्या, खुणा असतात: दोरा, मोरपीस, कुंकवाचं बोट, कधी पेन्सिलीची बारीक रेघ. सर्वांत रूढ पद्धतीत पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत वाचतात, मग २१, २९, ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी शेवट. दुसऱ्या एका पद्धतीत मुक्काम ७, १८, २८, ३४, ३७ आणि ४३ ला असतात. खुणा कुठे पडल्यात ते पाहिलं की बाबा कोणती पद्धत पाळत हे कळतं, आणि ती त्यांना कुणाकडून मिळाली याची चौकशी केली की आजोबा-पणजोबांपर्यंत पोचता येतं. तीनच दिवसांच्या खुणा असतील तर पाळीमुळे सप्ताह जमत नव्हता म्हणून त्यांनी तीन दिवसांचं पारायण केलं असेल. तर्क पटण्यासारखा आहे, पण आईला विचारल्याशिवाय छापू नका.

पोथी आपोआप कुठे उघडते तेही पाहावं. चौदावा अध्याय संकटनिवारणासाठी रोज वाचायची रीत आहे, अठरावा दारिद्र्य दूर व्हावं म्हणून. त्या पानांचे खालचे कोपरे काळपट आणि मऊ झालेले असतात, समईच्या तेलाचा पारदर्शक ठिपका मागच्या पानावर उतरलेला असतो. मात्र बांधीव पोथी शिलाईच्या मधल्या पानावर तशीही उघडते, त्यामुळे नुसतं उघडणं हा पुरावा धरू नका. डाग, मऊ कोपरा आणि उघडणं, तिन्ही एका जागी आलं तरच लिहा. आणि लिहिताना "बाबांची गुरुचरित्रावर नितांत श्रद्धा होती" असं नको. "चौदाव्या अध्यायाचं पान दोनदा फाटलं, दोन्ही वेळा त्यांनी पतंगाच्या कागदानं जोडलं" असं लिहा. अर्थात तसं झालं असेल तरच.

त्याच फडक्यात गुजराती लिपीतली दत्तबावनीची पुस्तिका निघाली तर ती "आपली नव्हे" म्हणून बाजूला काढू नका. रंग अवधूत महाराजांनी १९३५ ला गुजरातीत रचलेलं हे बावन्न ओळींचं स्तोत्र बडोद्याच्या मराठी माणसाला तोंडपाठ असतं. मराठी पोथी आणि गुजराती स्तोत्र एकाच फडक्यात बांधलेलं असणं, हे या गावातल्या माणसाचं खरं चित्र आहे.

पोथीला जोड द्यायची ती कपाटातल्या फायलीची. त्या पिढीनं कागद टाकले नाहीत. पगाराच्या स्लिपा, विम्याच्या पावत्या आणि कधी कधी रजेच्या अर्जांच्या कार्बन प्रती. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला येते, म्हणजे बहुतेक वर्षी डिसेंबरात, आणि सप्ताह त्याआधी आठवडाभर बसतो. डिसेंबरच्या रजा एका यादीत मांडा. सलग काही वर्षं त्याच आठवड्यात सात दिवस रजा दिसली, आणि मग एखाद्या वर्षी नाही, तर त्या वर्षी घरात काय झालं ते शोधा. सुतक असेल, संप असेल, लेकीचं बाळंतपण असेल आणि रजा तिकडे खर्च झाली असेल. सप्ताह सोडून लेकीकडे गेलेला बाप एका रजेच्या अर्जातून समोर येतो. हे कोणत्याही विशेषणानं सांगता येत नाही.

अभिषेकाच्या पावत्या, मांडवीच्या विठ्ठल मंदिरातल्या वर्गणीच्या पावत्या, भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरावरचा दुधाचा हिशेब, सगळं तारखेसाठी उपयोगी. फक्त दोन ठिकाणी फसायला होतं. हातानं लिहिलेला गुजराती एक आणि इंग्रजी नऊ सारखेच दिसतात. पावतीवरची छापील अक्षरं कोणत्या लिपीत आहेत ते आधी पाहावं. दुसरं, संवत. महिने आणि पक्ष मराठी-गुजराती पंचांगांत जुळतात, पण वर्ष जुळत नाही. शके पाडव्याला बदलतं, गुजराती विक्रम संवत दिवाळीच्या पाडव्याला. शक वर्षात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. गुजराती संवतातून कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा करायचे, पुढे आश्विनापर्यंत ५६. हे न केल्यामुळे मोठ्या मुलाची मुंज त्याच्या जन्माच्या आधी छापली जाते.

तिथीचा प्रश्न पुस्तिकेच्या मुदतीलाही लागू आहे. वर्षश्राद्ध तिथीनं होतं, आणि परदेशातली मुलं तिकिटं तारखेनं काढतात. साध्या वर्षात तिथी साधारण अकरा दिवस आधी येते, मध्ये अधिकमास पडला तर अठरा-एकोणीस दिवस उशिरा. गणेश चतुर्थीच बघा: २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट, आणि अधिक ज्येष्ठामुळे २०२६ ला १४ सप्टेंबर. गुरुजींकडून तारीख पक्की करून घ्या, तिच्या तीन आठवडे आधी मजकूर छापखान्यात गेला पाहिजे असं धरा, आणि माणसांशी बोलायला त्याआधीचे दोन महिने ठेवा.

बोलणं कुणाशी? आईशी सर्वांत आधी, पण समोर बसवून नाही. "बाबा कसे होते गं?" असं विचारलं की ती "चांगले होते" म्हणून डोळे पुसते. ती वाती वळत असताना किंवा भाजी निवडत असताना फोनवर रेकॉर्डिंग लावून तो शेजारी ठेवा, इंटरनेट आणि कॉल बंद करून, पंख्यापासून दूर. प्रश्न लहान असू द्या: पगार हातात आला की आधी कुठे जायचे? पहिली सायकल कुणाकडून घेतली? रागावले की काय करायचे? अर्ध्या तासात थांबा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. दुसऱ्या दिवशीच्या गोष्टी जास्त खोल असतात, कारण रात्री तिला आठवलेलं असतं.

मग पाळीतला एखादा सोबती, धाकटी आत्या आणि गुजराती शेजारी. शेजाऱ्यांचं बोलणं मराठीत उतरवू नका. "काका टाइमना बहु पाक्का हता" हे देवनागरीत तसंच छापा. ते वाचताना बोलणाऱ्याचा आवाज येतो, आणि बाबांचं अर्धं आयुष्य त्याच भाषेत गेलं आहे. उणी बाजूही येऊ द्या. मुलीला सायन्सला जाऊ दिलं नाही, भावाशी दहा वर्षं बोलले नाहीत, अशी गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक असेल तर आई आणि संबंधितांना विचारून दोन ओळींत लिहा. लपवली की वाचणाऱ्या प्रत्येकाला ती जागा रिकामी दिसते.

फोटो थोडक्यात. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेवरूनच तिरप्या उजेडात टिपा. लहान पासपोर्ट फोटो १२०० डीपीआयवर स्कॅन करा. दहा सेंटिमीटर रुंद छापायचा तर साधारण १२०० पिक्सेल रुंदी लागते, आणि व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत पुष्कळदा कमी पडते. नातेवाइकांना "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगायचं. फोटोमागचं लिखाणही टिपा. तारीख आणि स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो.

छपाईत बडोद्याची खास अडचण मराठी अक्षरांची. छापखान्यातला माणूस गुजराती उत्तम लावतो, हिंदीही लावतो, पण "ऱ्य" त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टिकत नाही. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलताना "दुसऱ्या"चं "दुसर्या" होतं. नुसतं दिसायला वाईट असं नाही, अर्थ बदलतो: पंगतीच्या आठवणीतले आचाऱ्यांना दिलेले पैसे आचार्यांना दिलेले होतात. म्हणून पानं घरीच युनिकोडमध्ये लावून पीडीएफ द्या आणि छापून आलेल्या पहिल्या प्रतीत "ऱ्य" आणि "ऱ्ह" शोधून शोधून तपासा. आकार ए-५, अक्षर १२ पॉइंट, एका पानावर अडीचशे शब्दांच्या आसपास. मधोमध पिना मारायच्या असतील तर पानं चारच्या पटीत, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात. चोवीस पानं पुरतात. आतला कागद १०० जीएसएम, मुखपृष्ठ २५०.

त्यांतली शेवटची चार पानं गुजराती लिपीत ठेवा, भाषा मराठीच. इथे वाढलेल्या नातवंडांना घरची मराठी कळते पण देवनागरी वाचताना अडखळायला होतं, आणि आजोबांचा पाळ्यांचा तो तीन रकान्यांचा कागद त्यांना स्वतः वाचता यायला हवा.

प्रती मोजताना वर्षश्राद्धाला येणारी घरं मोजा, माणसं नव्हे, आणि वर दहा धरा. एक प्रत पिना न मारता सुटी ठेवा, पुढे चुका सापडतील त्या तिच्यावर पेन्सिलीनं लिहायला. आईच्या आवाजाच्या फायली दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा. आणि पोथीतले दोरे फोटो पाहून ज्या त्या पानात परत घाला, मगच फडकं बांधा.