रक्तातले लोह आणि चुंबकाचे कडे

गेल्या महिन्यात रविवार कारंज्याजवळच्या एका दुकानातून आईने गुडघेदुखीसाठी चुंबकाचे कडे आणले. रक्तात लोह असते, ते चुंबकाकडे ओढले जाते आणि रक्ताभिसरण सुधारते, असे विक्रेत्याने तिला पटवून दिले होते. मी कड्याजवळ टाचणी धरली. ती चटकन चिकटली, पण मध्ये रुमालाची चौपदरी घडी ठेवताच खाली पडली.

हिमोग्लोबिनमधील लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे वागत नाही. प्राणवायूयुक्त रक्त तर चुंबकापासून किंचित दूरच ढकलले जाते. तसे नसते, तर १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) एमआरआय यंत्रातून रुग्ण धडधाकट बाहेर आला नसता.

याचा अर्थ चुंबकीय क्षेत्र सजीवांना जाणवतच नाही, असा मात्र नव्हे. रिचर्ड ब्लेकमोर यांनी १९७५ साली वर्णन केलेल्या जिवाणूंच्या पेशीत मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाच्या सूक्ष्म स्फटिकांची माळ असते, आणि ती होकायंत्राच्या सुईप्रमाणे त्यांना पृथ्वीच्या क्षेत्ररेषांच्या दिशेने वळवीत असल्यामुळे त्यांना कमी प्राणवायूच्या गाळाकडे जाण्याची वाट सापडते. पृथ्वीचे क्षेत्र अवघे २५ ते ६५ मायक्रोटेस्ला, म्हणजे टेस्लाचे काही दशलक्षांश! तेवढ्यावर युरोपीय रॉबिन पक्षी स्थलांतराची दिशा ठरवतो. त्याच्या डोळ्यातील क्रिप्टोक्रोम या प्रथिनात निळ्या प्रकाशामुळे घडणारी अभिक्रिया त्यामागे असावी, असे संशोधक मानतात. नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात उतरणारी बदके पाहताना मला हटकून याची आठवण होते.

आईचे कडे सध्या फ्रिजवर विजेचे बिल धरून आहे.