तितर बघायला गेलो होतो

पहाटे साडेतीनचा गजर लावून उठणाऱ्यातला मी नाही. पण सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी उठलो, कारण सोबतचा मित्र पक्षीवेडा आणि त्याचं म्हणणं असं की ऊन चढायच्या आत सुप्याला पोचायचं नसेल तर घरी लोळत यूट्यूबवरच तितर बघ. हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव. मोरगावच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडले (येताना उतरू म्हणालो, उतरलो नाही) आणि उजाडता उजाडता सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या गेटवर पावती फाडली.

आता तितर बघायला एवढी यातायात कशाला, हे सांगतो. माझं आजोळ सोलापूर जिल्ह्यात, टेंभुर्णीच्या अंगाला. मे महिन्यात अंगणात झोपायचो आणि सकाळी कोंबड्याच्या आधी तितर उठवायचे. बांधाच्या बोरीत एक ओरडला की ओढ्यापलीकडून दुसरा, मग तिसरा, आणि आजी म्हणायची उठा आता, तितरं भांडायला लागली. शेतात जाताना पायाखालून लावरी भुर्रकन उडायची आणि दर वेळी काळजात धस्स व्हायचं. सायकलच्या पुढून ससा आडवा जाणं तर रोजचंच. यंदाच्या मेमध्ये चार दिवस मामाकडे राहिलो. चारही दिवस पहाटे जागा होतो (उकाडा आणि लाईट दोन्हींची कृपा), एकदाही तितर ओरडला नाही. मामाला विचारलं तर पेपरमधून मान वर न काढता म्हणाला, "पारध्यांनी खाल्लं सगळं." ते वाक्य तेव्हापासून डोक्यात बसलं होतं.

तर मयूरेश्वर. अभयारण्य म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं तसलं काही नाही, जेमतेम ५ चौरस किलोमीटर, गवत, खुरट्या बाभळी, मधून कच्चा रस्ता. १९९७ साली चिंकारा हरणांसाठी जाहीर झालं आणि चिंकारे खरंच दिसतात, आम्हाला तासाभरात पंधरा-सोळा दिसले. मोठ्ठ्या लेन्सा घेतलेल्या दोन गाड्या त्यांच्या मागे होत्या. आम्ही एका बाभळीपाशी काचा खाली करून बसलो. आणि ओरडला! सुरुवातीला एकदोनदा नुसतं घसा साफ केल्यासारखं, मग 'तीतर-तीतर-तीतर' असं चढत चढत. एवढ्याशा पक्ष्यात एवढा आवाज कुठून येतो कोण जाणे. पाचेक मिनिटांनी जोडी रस्त्यावर आली, मागे अर्धवट वाढलेली चार पिल्लं. आई पायाने माती उकरते, बाजूला होते, पिल्लं तुटून पडतात, परत पुढे. मित्राने दुर्बीण माझ्या हातात दिली आणि म्हणाला काय खातायत ते बघ. वाळवी होती. मी बघितलं आणि विसरलो. संध्याकाळी आठवलं.

तिथून आमचा एक खाजगी कार्यक्रम होता. २०१९ साली राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीची मोहीम होती बघा, तेव्हा आमच्या ऑफिसने बस भरून आम्हाला बारामती तालुक्यातल्या एका माळावर नेलं होतं. सगळ्यांना टोप्या, टीशर्ट, केळी. मी स्वतः अकरा रोपं लावली, सेल्फी टाकला, लाईक्स बरे आले होते. म्हटलं जाता जाता आपली झाडं बघू. अर्ध्याअधिक खड्ड्यांत काहीच नव्हतं. जे जगलं ते गिरिपुष्प, कारण त्याला गुरं तोंड लावत नाहीत. ओळीत उभी झाडं, ओळींच्या मधे जेसीबीने मारलेले चर, त्याखाली गवत विरळ, आणि झाडांवर कावळे. मी आपला "चला, काही तरी जगलं" म्हणालो तर मित्र भडकलाच. म्हणाला, अरे इथे आधी जे होतं तेच तर जगायला हवं होतं! माळ हा काय टक्कल पडलेलं जंगल आहे का, की बी-रोपं लावून केस आणायचे? जो पक्षी जमिनीवर, गवताच्या बुडाशी अंडी घालतो त्याच्या घरात आपण खड्डे खणले आणि वर कावळ्याला बसायला फांद्या करून दिल्या. सरकारी हिशेबात माळरान म्हणजे पडीक जमीन, मग तिचं काहीतरी 'करावं' लागतं, झाडं लावा नाहीतर सोलर लावा. मला टोप्या आणि केळी आठवत होती त्यामुळे गप्प बसलो. कुसळं मात्र माळाच्या कडेला शिल्लक होती, मोजे भरून घेऊन आलो.

दुपारी हायवेवर जेवायला थांबलो. बोर्डावर 'लावा फ्राय' लिहिलेलं. हे जपानी लावे असतात, पोल्ट्रीत वाढवलेले, त्यात काही बेकायदा नाही. पण ताटं ठेवता ठेवता पोरगा हळूच म्हणाला, "जंगली पन भेटल, पर कालच सांगावं लागतं." १९७२ च्या वन्यजीव कायद्याला पन्नास वर्षं होऊन गेली. आम्ही शेवभाजी खाल्ली.

मामाचं गाव उजनीच्या पाण्यावर बदललेलं. माझ्या लहानपणी ज्वारी, करडई, हुलगा, मटकी, आता जिकडे बघावं तिकडे ऊस. मी काही उसाला शिव्या द्यायला गेलो नव्हतो, मामेबहिणीचं लग्न उसाच्याच बिलावर झालं आणि त्या लग्नात जिलेबी मी पण हाणलीये. पण संध्याकाळी मामासोबत रानात गेलो तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं की बांधच नाही राहिला. पूर्वी आमचा बांध म्हणजे बैलगाडी जाईल एवढा रुंद, त्यावर बोरी, तरवड, पवन्या गवत, एखादं वारूळ. आता पाच तुकड्यांच्या पाच वाटण्या झाल्यात, ज्याने त्याने ट्रॅक्टरने दोन्हीकडून बांध कोरलाय, उरलाय तो हातभर वरंबा आणि तोही पिवळा पडलेला. "टू-फोर-डी मारलंय," मामा म्हणाला (म्हणजे तणनाशक), "बांधावर तण ठेवलं की पिकात शिरतंय." बोरी कुठे गेल्या विचारलं तर म्हणे सावली पडत होती.

गावाच्या कडेला फासेपारध्यांची सात-आठ घरं आहेत. मामाला न सांगता गेलो, खोटं कशाला बोलू. एक म्हातारे बाबा दारात बाजेवर बसले होते. पहिली दहा मिनिटं त्यांनी आम्हाला पोलिसांचे समजून हो-नाही इतकंच चालवलं, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यात जमातीच्या जमातींवर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारायची सोय केली, पारधीही त्यात आले, सोलापुरात त्यांना डांबून ठेवायचं तारेच्या कुंपणाचं सेटलमेंट होतं, कायदा १९५२ ला गेला तरी गावात मोटार चोरीला गेली की आजही पहिली चौकशी इथेच होते. मी आजोबांचं नाव सांगितल्यावर मात्र बाबा खुलले. "म्हंजी तू त्यांच्या लेकीचा? ज्वारी द्यायचं तुझं आजोबा आमाला सुगीला."

मग तितर कसा धरायचे ते हातवारे करून दाखवलं. हातभर काटक्यांना बारीक दोऱ्याचे फास, अशा काटक्यांची लांब माळ गवतात उभी करायची, मधे पाळलेला नर पिंजऱ्यात. तो ओरडला की रानातला नर भांडायला येतो, त्याला आपल्या हद्दीत दुसरा खपत नाही, आणि येताना फासात मान नाहीतर पाय. सांगता सांगता बाबांनी ओठ मुडपून तितराचा आवाज काढला. घरातलं एक बारकं पोरगं हसत सुटलं. पण बाबा आवाज काढून झाल्यावर सवयीने ओढ्याकडे कान देऊन बसले. पाच सेकंद, दहा सेकंद. उसातून मोटरीचा आवाज तेवढा येत होता.

"अंड्यावरची मादी घावली की सोडायचो," म्हणाले. "पुढच्या साली खायाचं काय मग?" हे मी भाबडेपणाने मानलंय असं समजू नका. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी ऐंशीच्या दशकात पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागातल्या भटक्या जमातींवर लिहिलंय, त्यात फासेपारधी फासात आलेली गाभण हरणी आणि पाडस सोडून द्यायचे अशी नोंद आहे. शिवाय वाटण्या ठरलेल्या असायच्या, नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपडीच्या मागे, वैदू सापळे लावून मुंगूस, रानमांजर धरणार, आणि काळवीट, मोर, तितर, लावऱ्या पारध्यांच्या. एकमेकांच्या ताटात हात नाही. आता बाबा म्हणाले, फासे कुणाकडेच नाहीत, पोरं पुण्यात बिगारीला. मग ससे कोण मारतं? "तुमचीच पोरं," बाबा शांतपणे म्हणाले. "मोटारसायकलवर येत्यात रातच्याला, हॅलोजन घेऊन." ससा उजेडात थिजून बसतो, मग काठी मारली तरी चालते. वर गावातली मोकाट कुत्री आहेतच, त्यांना तर सुगी-बिगरसुगी काही नाही.

निघताना मी सकाळच्या पिल्लांचं सांगितलं आणि तेव्हा बाबा जे बोलले ते ऐकायलाच बहुतेक मी एवढा लांब आलो होतो. म्हणाले, "पिल्लाला दाना न्हाय चालत. आमी पिल्लू पाळायचो तवा पयले पंधरा-वीस दिस वाळवी नायतर बारका नाकतोडा. दाना घातला की मरतंय. मी लहान असताना वाळवी ह्या बांधावर ठिकरीला घावायची. आता उसाला हुमणीचं औषिद, वाळवीचं औषिद, बांधाला तणाचं औषिद. दोन कोस हिंडलं तरी मूठभर न्हाय भेटायची. तितर आला तरी लेकराला घालील काय?"

गाडीत बसल्यावर मित्र बराच वेळ काही बोलला नाही, मग एकदम सुरू झाला. इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात डिक पॉट्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९६८ पासून शेतातल्या तितरांचा अभ्यास केला. तिथला करडा तितर, शिकारीचा पक्षी, शिकार रीतसर कायद्याने चालते, आणि तरीही तो त्या देशात साठच्या दशकाच्या शेवटापासून ९० टक्क्यांहून जास्त घटला. मुळाशी निघालं तणनाशक. तणनाशक पक्ष्याला थेट मारत नाही, तण मरतं, तणावरचे किडे संपतात आणि पिल्लं पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच उपाशी मरतात. मोठे पक्षी दिसत राहतात म्हणून लोकांना कळत नाही की मागून कोणी येतच नाहीये. तिथे मग गव्हाच्या कडेचा थोडा पट्टा फवारायचा सोडून बघितला तर पिल्लं जास्त जगली. म्हणजे जे बाबांना वाळवी गोळा करून कळलं तेच. फक्त बाबांचा पेपर कुठे छापून आला नाही. आपल्याकडे २०२३ च्या स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स अहवालात ३३८ जातींचा लांब पल्ल्याचा कल काढलाय, त्यातल्या ६० टक्के घटल्यात, आणि गवताळ, उघड्या रानात राहणाऱ्यांचे हाल जास्त. मी म्हटलं बाबा रे, गाडी चालव, समोर ट्रॉली आहे. उसाचीच होती, रिकामी.

रविवारी सकाळी नान्नज. सोलापूर-बार्शी रस्त्यावर, माळढोक पक्ष्याचं अभयारण्य. १९७९ साली जाहीर झालं तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे गावंच्या गावं, तालुकेच्या तालुके आत. लोक वैतागले, मग कापून १,२२२ च्या आसपास आणलं, आणि माळढोक तर आता एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते. आम्हाला दिसेल अशी आशाही नव्हती. पण गवत! दुष्काळी कामांच्या काळात चराई बंद करून राखलेले तुकडे आहेत तिथे, गुडघ्याच्या वर गवत, त्यावर दव, काळवीट तर कळपाने (आसपासच्या शेतकऱ्यांना विचारा, ते वेगळ्या भाषेत सांगतील). कुंपणाच्या कडेकडेने चालत होतो आणि माझ्या बुटाखालून सात-आठ लावऱ्यांचा थवा भुर्रर्र करून फुटला, चारी दिशांना. तीस वर्षांनी काळजात तेच धस्स. कॅमेरा गळ्यात होता, फोटो आला तो निव्वळ गवताचा.

परतीच्या वाटेवर मामाला फोन केला, आईच्या वाटणीचा जो बांध आहे ना, तिथे तेवढं तणनाशक नका मारू. मामा म्हणाला, ते मला नको, वाट्याने करतो त्याला सांग. वाटेकऱ्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं, तितर, वाळवी, इंग्लंड सुद्धा.

"करतो की," म्हणाला, "चार फूट सोडतो. पर पाव्हणं, गवत वाढलं की साप निघत्यात, आन् लोक काय म्हणतील ठाव हाय का? बहिणीच्या वाटणीची जमीन पडीक पाडली म्हणतील."