फ्रॉन्सेस टॅव्हर्न, १:४८ : छपराचे कोपरे अखेर जुळले

न्यूयॉर्कच्या फ्रॉन्सेस टॅव्हर्न या ऐतिहासिक खानावळीच्या, मूळच्या १/४८ आकाराच्या प्रतिकृतीत पर्ल स्ट्रीट आणि ब्रॉड स्ट्रीटकडील भिंती उभ्या राहिल्यापासून अडून बसलेले छपराचे काम या आठवड्यात मार्गी लागले.

मुळात या छपराचा प्रश्न इतिहासापासूनच सुरू होतो. एकोणिसाव्या शतकातील आगींनंतर १७१९ च्या या वास्तूवर वाढीव मजले चढले आणि छप्पर सपाट झाले. सन्स ऑफ द रेव्होल्यूशन या संस्थेने १९०४ मध्ये इमारत घेतल्यावर वास्तुविशारद विल्यम मर्सेरो यांनी १९०७ पर्यंत ते मजले उतरवले आणि विटांवर आढळलेल्या जुन्या उताराच्या खुणांचा आधार घेऊन, यॉन्कर्सच्या फिलिप्स मॅनर हॉल या जुन्या वाड्याच्या धर्तीवर, चौपाखी छप्पर व वर कठडा बसवला. यातील बराच भाग तर्कावर उभा असल्याची टीका तेव्हाही झाली आणि मला ती पटते. म्हणून उतार मर्सेरो यांचा ठेवून कठडा मात्र काढता येईल असा करत आहे.

खरी अडचण शिंगलच्या, म्हणजे छपरावर बसवायच्या पातळ लाकडी चकत्यांच्या, ओळींची होती. माझ्या आराखड्यात शेजारशेजारच्या पाख्यांचे उतार सारखे नाहीत, त्यामुळे दोन्हीकडे अडीच मिलिमीटरचे अंतर धरले की वळचणीपासून चार-पाच ओळी वर जाताच कोपऱ्याच्या वाशावर पायरी पडत असे. उपाय निघाला तो अंतर उतारावर न मोजता उभ्या उंचीत मोजण्यातून. एका सपाट ठोकळ्यावर पेन्सिल आडवी बांधली, प्रत्येक फेरीला ठोकळ्याखाली ठरावीक जाडीचा पुठ्ठा वाढवत गेलो आणि छपराभोवती रेघा ओढल्या. चारही कोपऱ्यांवर रेघा तंतोतंत मिळाल्या. जास्त उताराच्या पाख्यावर ओळी किंचित अरुंद दिसतात, पण ते नजरेला खटकत नाही. पहिल्या बाजूच्या शिंगल चिकटवून झाल्यावर तो कोपरा मी कितीतरी वेळ न्याहाळत होतो.

शिंगलसाठी बाल्सा हे मऊ, हलके लाकूड घेऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे, कारण कापताना त्याच्या कडांना तुसे येतात. सुताराकडे उरलेले सागवानी व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) स्वस्तही पडते आणि धारदार कापलेही जाते.

हे लिहिताना एक नवी कल्पना सुचली. ऑगस्ट १७७५ मध्ये ब्रिटिश युद्धनौका ‘एशिया’च्या माऱ्यातील एक गोळा याच छपरातून आत आला होता. प्रतिकृती ४ डिसेंबर १७८३ ची, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन यांनी इथल्या ‘लाँग रूम’ या दालनात आपल्या अधिकाऱ्यांचा निरोप घेतला त्या दिवसाची असल्याने, दुरुस्तीचा एक छोटा तुकडा बाकीच्या शिंगलपेक्षा जरा फिकट करड्या रंगात दाखवता येईल. त्यासाठी संपूर्ण छपराला रंग देण्याचा बेत पुढे ढकलून आधी व्हिनियरच्या तुकड्यांवर करड्या छटांचे नमुने करून पाहणार आहे.