मशीनवर होत नाही का हे?

माझ्या हातातला क्रोशा किंवा भरतकाम बघून विचारला जाणारा हा प्रश्न गेली बारा-तेरा वर्षं माझ्यामागे आहे. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये शेजारी बसलेली मुलगी विचारते, बँकेच्या रांगेतले आजोबा विचारतात, लग्नघरी रुखवत मांडताना कुणीतरी विचारतंच: "काकू, मशीनवर होत नाही का हे? एवढं हाताने कशाला?" मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि घरी येईपर्यंत वाटत राहतं, नीट सांगायला हवं होतं. म्हणून आज बसून सांगते.

माझ्या हातात बहुतेक वेळा क्रोशाची सुई असते आणि क्रोशापुरतं उत्तर सरळ आहे. नाही, होत नाही.

स्वेटरचं विणकाम घ्या. दोन सुयांवर ऐंशी टाक्यांची पाठ विणत असाल तर ऐंशीच्या ऐंशी फासे एकाच वेळी सुईवर उघडे असतात. यंत्राला हे सोपं जातं. प्रत्येक फाशाला एकेक आकडा द्यायचा आणि दोरा फिरवून आख्खी ओळ ओढून घ्यायची. इंग्लंडमधल्या विल्यम ली यांनी मोजे विणायचा असा माग १५८९ मध्येच तयार केला होता. क्रोशात मात्र सुईवर फासा एकच. मागचं सगळं काम मिटलेलं. पुढचा खांब, म्हणजे क्रोशाचा उभा टाका, घालायचा तर सुईवर दोरा घ्यायचा, झालेल्या विणीत नेमकी जागा शोधून सुई आत घालायची, दोरा ओढून आणायचा आणि मग दोन-दोन फासे सोडवायचे. ती जागा कधी खालच्या साखळीच्या दोन्ही पदरांत असते, कधी फक्त मागच्या पदरात, कधी दोन ओळी खाली. ती डोळ्यांच्या आधी बोटांना सापडते. संशोधकांनी प्रायोगिक यंत्रं बनवून पाहिली आहेत, पण दुकानातला माल त्यांतून येत नाही. मीटरवर मिळणारी 'क्रोशे लेस' बहुतेक वेळा यंत्रावर विणलेली, क्रोशासारखी दिसणारी जाळी असते.

या एकाच फाशामुळे हे काम घरातल्या बायकांच्या हाताशी राहिलं, असं मला वाटतं. माझी आई स्वेटर आम्ही झोपल्यावरच काढायची. दिवसा काढला आणि धाकट्याने सुई ओढली की चाळीस टाके एकदम गळायचे. क्रोशा मात्र दिवसभर तिच्याबरोबर ओट्यापासून अंगणापर्यंत फिरायचा. कुकरची शिट्टी झाली की फासा जरा लांब ओढायचा, काम खाली ठेवायचं आणि उठायचं. परत आल्यावर काहीही सुटलेलं नसे. चुकलं तर दोरा ओढून चुकीपर्यंत उसवायचं आणि त्याच दोऱ्याने पुन्हा विणायचं. मुके खांब, म्हणजे क्रोशाचे आखूड टाके, मी तिच्या मांडीला टेकून शिकले, सातवीच्या दिवाळीच्या सुट्टीत.

आता यातून जे निघतं ते मला मनापासून सांगायचं आहे. मशीनवर होत नाही, म्हणजे मॉलमध्ये टांगलेला, घाऊक भावाने आलेला क्रोशाचा टॉपसुद्धा कुणीतरी हातानेच विणलेला आहे. आमच्या नाशिकला शरणपूर रोडच्या तिबेटी बाजारातला स्वेटर यंत्रावर झालेला असतो. तो स्वस्त का, हे समजतं. क्रोशाचा टॉप त्याच भावात मिळत असेल तर मधली कमी कुणाच्या तरी मजुरीतून भरून निघालेली असते. आंध्रातल्या नरसापूरच्या आसपास हजारो बायका घरी बसून परदेशात जाणारं क्रोशाचं काम करत आल्या आहेत. १९७० च्या दशकाच्या शेवटी समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथे अभ्यास केला. त्यांना दिसलं ते असं, की या बायका दिवसाचे कितीतरी तास राबत होत्या आणि तरी त्यांची गणना 'घरी बसणाऱ्या गृहिणी' अशीच होत होती. काम फावल्या वेळातलं ठरलं की त्याचा दामही फावल्या वेळाचाच मिळतो.

हे मी स्वतःही अनुभवलं आहे. एका ओळखीच्या बाईंनी माझ्याकडून पलंगावर टाकायचं पांघरूण मागवलं. एकशेवीस चौकोन, एका चौकोनाला वीस मिनिटं. म्हणजे चाळीस तास, वर जोडणीचे आणि कडेचे दहा. पांघरूण पाहून त्या खूश झाल्या, लोकरीचे पैसे दिले आणि वर दोनशे रुपये ठेवले. तासाला चार रुपये झाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी आजही मानते. हे हाताने तासन् तास करावं लागतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर मी क्रोशा विकणं थांबवलं. आता करते ते आपल्या माणसांसाठी करते आणि कुणी विकत घ्यायला निघालं तर त्यांना विणणाऱ्या बाईचे तास मोजायला सांगते.

भरतकामाचं उत्तर वेगळं आहे. तिथे मला खरं सांगावं लागतं की हो, होतं. संगणकाला नक्षी दिली की यंत्र तासाभरात पदर भरून देतं आणि कितीतरी वेळा ते देखणं असतं. प्रश्न उलट्या बाजूचा आहे.

माझी आजी कोल्हापूरकडची. तिच्याकडे एक चंद्रकळा होती, काळी इरकल, पदराजवळ कशिदा भरलेला. धारवाडकडे ज्याला कसुती म्हणतात, तोच. तुळशीवृंदावन, पालखी, गोपुर, हत्ती. कसुतीत कापडावर छाप मारत नाहीत. एरवी आम्ही ट्रेसिंग पेपरला सुईने भोकं पाडून रॉकेल आणि निळीने नक्षी छापतो, तसं इथे काही नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. त्यातला गवंती टाका म्हणजे धावदोराच, पण जायचा आणि यायचा. जाताना एक घर भरायचं, एक सोडायचं, आणि परत येताना सोडलेली घरं भरत मूळ जागी पोचायचं. वाट आधी डोक्यात आखावी लागते, नाहीतर मधेच अडकून पडायला होतं. आणि गाठ कुठेच मारायची नाही. दोऱ्याची टोकं टाक्यांखालीच दडवायची. असं केलं की सुलटी कुठली आणि उलटी कुठली, हे ओळखू येत नाही. यंत्राच्या भरतकामाला पाठीमागे वेगळा दोरा असतो, पुष्कळदा कडक अस्तरही असतं. साडीला ते चालून जातं. बाळाच्या छातीला ते टोचतं.

बाळाचं का निघालं, तेही सांगते. माझ्या भाचीच्या मुलीचं या संक्रांतीला बोरन्हाण आहे. आजीची चंद्रकळा घडीवर विरली आहे, पण निऱ्यांचा भाग अजून शाबूत आहे. त्यातून मी झबलं बेतलं. इतकं जुनं सुती-रेशमी कापड लोण्यासारखं झालेलं असतं. त्यावर पांढऱ्या दोऱ्याने कशिदा भरते आहे, आजीच्या पदरावरची नक्षी मोजून. बरोबर पांढऱ्या लोकरीचं टोपडं आणि हातमोजे. (बाळासाठी विणत असाल तर हातमोजे आतून उलटून नीट बघा. सुटा दोरा इवल्या बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजतं आणि आईला कळतही नाही.)

"आणि हे सगळं थंडीतच का?" हा दुसरा प्रश्न, बहुतेक पहिल्याच्या पाठोपाठ येणारा. त्याचं उत्तर आमच्या नाशिकच्या हवेत आहे. मे महिन्यात हाताला घाम येतो, ॲक्रिलिकची लोकर सुईवर कुरकुरते, पांढरा दोरा दोन दिवसांत मळतो. पावसाळ्यात प्रकाश नसतो. दिवाळीनंतर निफाडचा पारा बातम्यांत यायला लागला की माझा दिवस आपोआप दोन कामांत वाटला जातो. काळ्या कापडावर धागे मोजायचे तर खणखणीत ऊन लागतं, आणि अकरा ते दोन या वेळात गच्चीवर बसवेल असं ऊन फक्त या दोन-अडीच महिन्यांत मिळतं. मांडीवर पांढरा टॉवेल पसरायचा म्हणजे काळ्या कापडातून खालचा उजेड वर येतो आणि घरं दिसतात. रेशमी दोरा असेल तर थंडीने फुटलेली बोटं त्यात अडकतात. त्यावर आईचा उपाय, चमचाभर साखर आणि तेल हातांवर चोळून साबणाने स्वच्छ धुवायचे, मग दोऱ्याला हात लावायचा. ऊन उतरलं की कशिदा बंद. संध्याकाळी शाल पांघरून क्रोशा. तो दिव्याच्या उजेडात, गप्पा मारत, न बघताही होतो, आणि पांघरूण मोठं होत जातं तसं ते विणतानाच मांडीला ऊब देतं.

शिकायचं असेल तर चार मिलिमीटरची सुई आणि फिक्या रंगाची, फार बारीक नसलेली लोकर घ्या. गडद रंगात टाके दिसत नाहीत. पहिले दोन दिवस नुसती साखळी घाला, हातभर, मग उसवा. सगळ्या कड्या सारख्या यायला लागल्या की मुक्या खांबाकडे वळा. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका, वितळून चपटं होतं आणि पुन्हा फुलत नाही.

झबल्याचा पुढचा भाग काल पुरा झाला. पाठीवरचं वृंदावन अर्ध्यावर आहे, जायची वाट झाली आहे, यायची राहिली आहे. उद्या अकरा वाजता ऊन पाण्याच्या टाकीपाशी येईल. तिथे मी सतरंजी टाकून ठेवली आहे.