जेवणानंतर न लागणारे इंजिन

नाना पेठेतल्या माझ्या गॅरेजात बोटीचे काम वर्षाकाठी एखाददुसरेच येते, त्यामुळे गेल्या एप्रिलमध्ये पानशेतहून फोन आला तेव्हा थोड्या उत्साहानेच मी हत्यारे गाडीत टाकली. तानाजीसागराच्या, म्हणजे पानशेत धरणाच्या, पाण्यात एका गृहस्थांची खासगी बोट होती. तिच्या आत चार सिलिंडरचे, कार्ब्युरेटरवर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावर) चालणारे तीन लिटरचे पेट्रोल इंजिन होते. सकाळी थंड असताना ते अर्ध्या सेल्फला लागे. अर्धा-पाऊण तास फिरून मंडळी काठावर जेवायला उतरली आणि वीस मिनिटांनी परत आली, की मात्र बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारूनही ते दाद देत नसे. दोन तासांनी मात्र काहीच न झाल्यासारखे चालू होई. आधीच्या दोघांनी प्लग, कॉइल आणि बॅटरी बदलून पाहिली होती.

मी पाहताक्षणी निदान केले, आणि तेच चुकले. अ‍ॅम्बॅसिडर किंवा पद्मिनी खंबाटकी घाटात बंद पडली की पेट्रोल पंपावर ओले फडके टाकायचे, हे माझ्या पिढीच्या हाडात मुरलेले आहे. पंपाकडे येणारे पेट्रोल उष्णतेने वाफ होते, पंप वाफ ओढू शकत नाही आणि इंजिन उपाशी राहते. पेट्रोलातले हलके घटक 40 अंशांच्या आसपासच उकळू लागतात, त्यामुळे उन्हाळ्यात बंद झाकणाखाली असे घडणे अगदी स्वाभाविक होते. बोट अर्धा तास फिरवली, थांबवली, इंजिन लागेना हे पाहिले आणि पंपावर ओले फडके ठेवले. फरक शून्य.

तेव्हा बोट चालवणारे काका, जे इतका वेळ दोर धरून गप्प उभे होते, हळूच म्हणाले, “दांडा पार म्होरं रेटून धरला की लागतंय कधीमधी. पण शेठ रागावत्यात, पेट्रोल जातं म्हणून.”

हे वाक्य मला आधी कोणी सांगितले असते, तर फडके भिजवावेच लागले नसते. थ्रॉटल, म्हणजे दांड्याने उघडणारी हवेच्या वाटेतली पाकळी, पूर्ण उघडून धरल्यावर इंजिन लागते याचा अर्थ त्याला पेट्रोल कमी पडत नसून हवा कमी पडत आहे; म्हणजेच पेट्रोल ओव्हर होत आहे, गरजेपेक्षा जास्त आत जात आहे. मालक मात्र इंजिन लागावे म्हणून दांडा वारंवार पुढे-मागे करीत, आणि प्रत्येक वेळी कार्ब्युरेटरचा अ‍ॅक्सिलरेटर पंप आणखी एक पिचकारी आत मारी.

बोटीच्या तळाशी पेट्रोलची वाफ साचते आणि ती हवेपेक्षा जड असते, म्हणून ब्लोअर (ती वाफ बाहेर फेकणारा पंखा) चार मिनिटे चालवून आणि वास घेऊनच मी फ्लेम अरेस्टर (कार्ब्युरेटरच्या तोंडावरची, ज्वाळा रोखणारी जाळी) काढला. टॉर्चच्या उजेडात, इंजिन पूर्ण बंद असताना, मुख्य नळीतून थ्रॉटलच्या पाकळीवर एकेक थेंब पडताना दिसला. पंपापुढच्या लाइनला गेज आधीच जोडून ठेवला होता: चालू असताना 5 पीएसआय दाब दाखवणारा काटा बंद केल्यावर पंधरा मिनिटांत 9 वर गेला होता. याच काळात कार्ब्युरेटरचे तापमान 46 अंशांवरून 68 वर पोचले होते. इंजिन थांबले की थंड पाण्याचे फिरणे थांबते आणि ब्लॉकची उष्णता वर चढते. लाइनमध्ये कोंडलेले पेट्रोल प्रसरण पावते, नीडलला (कार्ब्युरेटरच्या वाटीत येणारे पेट्रोल अडवणाऱ्या सुईला) तिच्या जागेवरून हलवते, आणि वाटीतले पेट्रोलही उकळून कार्ब्युरेटरच्या घशात, म्हणजे हवेच्या वाटेत, सांडू लागते.

उष्णता इतकी वर का येत होती, हे पाहिल्यावर वाईट वाटले. कधीतरी ओव्हरहॉल करताना कार्ब्युरेटरखालच्या जाड, उष्णतारोधक पॅकिंगऐवजी कागदाचे पातळ पॅकिंग बसवले गेले होते. शिवाय लाइनची क्लिप तुटून नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकली होती. मालकांनी मोटारीचा इलेक्ट्रिक पंप लावण्याविषयी विचारले. मी नकार दिला. मोटारीचा पंप किंवा कार्ब्युरेटर गळला तर पेट्रोल रस्त्यावर पडते, बोटीत ते तळाशी साचते. म्हणूनच बोटीच्या कार्ब्युरेटरची वाटी बाहेर नव्हे, आतल्या घशात श्वास घेते, म्हणजे तिची वाफ इंजिनातच जाते.

जाड पॅकिंग मागवायला आठवडा गेला. ते बसवले, नीडल आणि तिची सीट बदलली, फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या भागाची) उंची बेतशीर केली आणि नळी क्लिपा मारून मॅनिफोल्डपासून दूर नेली. नंतर भर दुपारी पाऊण तास फिरवून, झाकण मुद्दाम लावून, पंचवीस मिनिटे थांबलो. गेज 5 च्या वर गेला नाही. काकांनी सवयीने दांडा पुढे रेटायला हात घातला. मी त्यांना थोडाच उघडायला सांगितला आणि दुसऱ्या सेल्फला इंजिन लागले.

आधी काढून टाकलेली कॉइल तपासली, ती शाबूत होती. आता ती बोटीच्या पेटीत जादा सामान म्हणून ठेवली आहे.