पायातल्या कृत्रिम नळीची अँजिओप्लास्टी: माझा अनुभव

माझ्या पायात बायपासची, म्हणजे बंद धमनीला वळसा घालून रक्त नेणारी नळी: मांडीपासून गुडघ्यापर्यंत, पीटीएफई या प्लास्टिकची, ६ मिलिमीटरची. ती अरुंद झाली म्हणून अँजिओप्लास्टी, म्हणजे आतून बलून फुगवून ती जागा रुंद करणं. ती अरुंद झाली ती मध्ये कुठे नाही, खालच्या जोडाशी. तिथं आपल्याच धमनीचा आतला थर वाढत जातो आणि रबरासारखा चिवट होतो.

पाय दुखत नव्हता, खरं डॉपलरमध्ये (रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) त्या जागी रक्ताचा वेग सेकंदाला ३०० सेंटिमीटरच्या वर निघाला, वरच्या भागाच्या साडेतीन पटींहून जास्त. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तरही आधीपेक्षा ०.१५हून जास्त घसरलेलं. दुखेपर्यंत थांबण्यात अर्थ नसतो. कृत्रिम नळी बऱ्याचदा काही न सांगता गुठळीनं बंद पडते.

बायपास कोल्हापूरला आणि पुढचं सगळं बेळगावला, हे आपल्याकडं नेहमीचंच. जुना ऑपरेशनचा कागद जपून ठेवा. नळीची जाडी आणि जोड नेमका कुठं, हे त्यातच असतं आणि त्यावरून बलूनचं माप ठरवायला सोपं जातं. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेतून करायचं तर सरकारी दवाखान्याचं रेफरल आधी घ्या. संमतीपत्र कन्नडमध्ये असेल तर मराठीत समजावून मागा, लाजू नका. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आधी तपासतात, कारण फोटोसाठी धमनीत सोडतात तो डाय मूत्रपिंडाला जड जातो.

नळी उजव्या पायात, म्हणून सुई डाव्या जांघेत. जागा बधिर करून ६ फ्रेंचची शीथ (तार-बलून आत नेण्याची सुमारे २ मिलिमीटरची नळी), गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन, मग तार पोटातल्या महाधमनीच्या फाट्यावरून पलीकडच्या पायात. थेट नळीत सुई शक्यतो टाळतात; पीटीएफईचं भोक धमनीसारखं आकसत नाही, रक्त थांबायला वेळ लागतो.

बलून दोन-तीन मिनिटं फुगवून ठेवतात. तेव्हा कळ येते. बलून उतरल्यावरही ती राहिली तर लगेच सांगायचं, धमनी फाटल्याची खूण असू शकते. चिवट जागा परत आकसली तर पात्यांचा किंवा औषध लावलेला बलून वापरतात. शेवटी पावलापर्यंतचा फोटो काढून घेतात, तुकडा खाली सरकून अडकला नाही ना ते बघायला.

सहा तास पाय सरळ. पुढं गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन, काही महिने क्लोपिडोग्रेल, आणि ठरलेल्या तारखांना डॉपलर. विडी बंद, तंबाखूच्या निपाणीकडं हे सांगणं अवघड, तरी बंद.

पाऊल अचानक गार किंवा पांढरं पडलं तर लगेच निघा. गुठळी दोन आठवड्यांच्या आतली असेल तर कॅथेटरमधून (धमनीत घातलेली बारीक नळी) औषध सोडून विरघळवता येते, पण मग अख्खा दिवस आयसीयूत, कॅथेटर पायातच, आणि रक्तस्रावाची धास्ती वेगळी.